हिरव्या यादीतल्या बाया

वसावे सिस्टर दारातून आत आल्या त्या सरळ माझ्या टेबलापाशी. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या, पण पायांवर पोटरीपर्यंत लाल धूळ होती. मी खुर्ची पुढे केली, तरी त्या बसल्या नाहीत.

“मॅडम, मोरखाईची रुमली. जामसिंग पावराची बायको. तिचं पान उघडा जरा.”

मी नाव टाकलं. पान उघडलं. रुमली जामसिंग पावरा, वय बावीस, दुसरी खेप, आठवा महिना. हिमोग्लोबिन १०.८, रक्तदाब ११२/७२. वरच्या कोपऱ्यात हिरवा गोल. म्हणजे धोका कमी.

“ती हिरव्यात आहे, सिस्टर,” मी म्हटलं. “काळजीचं काही दिसत नाही.”

“तिला खाट पाहिजे.”

खाट म्हणजे माहेरघरातली. डोंगरातल्या बायांना कळा सुरू झाल्यावर दवाखान्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून दिवस भरायच्या आधी पंधरा दिवस त्यांना तालुक्याच्या रुग्णालयाजवळ आणून ठेवायचं, अशी ती सोय. आमच्या तालुक्यात माहेरघरात आठ खाटा होत्या आणि त्या वर्षी नोंद झालेल्या गरोदर बाया होत्या दोन हजार एकशे चाळीस. त्यातल्या कुठल्या आठ जणींना आधी आणायचं हे आमची यादी ठरवायची. मी ज्या संस्थेत नोकरीला होते तिनं ही यादी तयार करणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम बनवला होता. पुण्याहून मी महिन्यातले दहा दिवस इथे, तालुक्याच्या रुग्णालयात, येऊन बसायची.

सिस्टर वाकून पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी हिमोग्लोबिनच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हे रक्त कोणाचं आहे?”

“म्हणजे?”

“रुमलीचं रक्त मी घेतलेलं नाही. माझं मशीन होळीपासून बंद आहे, पट्ट्याच आल्या नाहीत. आणि मोरखाईला माझ्याशिवाय कोणी जात नाही. मग हे रक्त कोणाचं?”

मी म्हटलं, कोणीतरी घेतलं असेल, एखाद्या शिबिरात. त्या म्हणाल्या की मोरखाईत शिबिर कधी झालेलंच नाही. मग मी म्हटलं, बघते. मला थोडा रागही आला होता, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं खपून आम्ही ती यादी उभी केली होती. राज्यभरातून लोक बघायला यायचे. जात, जमात, धर्म यातलं काहीही आम्ही संगणकाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्या यादीत कुणाला झुकतं माप नाही, असं मी स्वतः तीन सभांमधून सांगितलं होतं. आणि या सिस्टर एका आकड्यावर बोट ठेवून उभ्या होत्या.

“मी लसी घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “तासाभरानं परत येईन.”

त्या गेल्यावर मी प्रयोगशाळेच्या नोंदी उघडल्या. रुमलीच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती. मग सगळ्या यादीत शोध टाकला, की हिमोग्लोबिन बरोबर १०.८ असलेल्या, पण प्रयोगशाळेची चिठ्ठी नसलेल्या बाया किती. मला वाटलं होतं वीस-पंचवीस निघतील.

सहाशे बारा निघाल्या.

माणसांच्या रक्ताचे आकडे असे नसतात. कुणाचं नऊ पूर्णांक तीन, कुणाचं अकरा, कुणाचं साडेसात. सहाशे बारा बायांचं रक्त दशांशापर्यंत सारखं असूच शकत नाही. त्यांची गावं बघितली. मोरखाई, खडकीआंबा, वरची सावरी, भुजाऱ्यापाणी. सगळे डोंगरातले पाडे. आडनावं पावरा, वसावे, वळवी, पाडवी. सडकेवरच्या बाजारगावांतली एकही बाई त्यात नव्हती.

मग मी प्रोग्राम उघडला. तो आमच्या पाच जणांच्या गटानं लिहिला होता, पण ज्या भागात नोंदी साफ करून घ्यायच्या होत्या तो भाग माझा होता. ती ओळ सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ज्या बाईच्या तपासणीचा रकाना रिकामा असेल तिथे तालुक्याची सरासरी भर, एवढंच तिचं काम. ती ओळ कधी लिहिली हे मला आठवलं. पुण्यातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीनंतर. रिकामा रकाना आला की प्रोग्राम अडायचा. सगळेच असं करतात, पुस्तकातही तसंच सांगितलेलं असतं. मी सरासरी काढली, १०.८ आली, भरून टाकली आणि पुढच्या कामाला लागले.

सरासरी कुणाची? ज्यांची तपासणी झाली होती त्यांची. म्हणजे सडकेवरच्या गावांतल्या, दुकानदारांच्या, बागायतदारांच्या, मास्तरांच्या घरातल्या बायांची. त्यांचं रक्त मी डोंगरातल्या बायांच्या नावावर चढवलं होतं.

पुढचं आपोआप कळत गेलं. ज्या बाईला आठ वेळा तपासलं जातं तिच्यात काही ना काही सापडतंच, ती लाल यादीत जाते. जिला एकदाही कुणी तपासलं नाही तिच्यात काहीच सापडत नाही, ती हिरवी. संगणकाला आम्ही जमात सांगितली नव्हती हे खरं, पण कोण किती लांब राहतं आणि कुणापर्यंत दवाखाना पोचलेला नाही हे त्या रिकाम्या रकान्यांतून त्याला कळत होतं, आणि ते वाचून तो म्हणत होता की या बाया ठणठणीत आहेत.

मग मला एक गोष्ट बघायचं धाडस करावं लागलं. गेल्या वर्षी तालुक्यात बाळंतपणात सात बाया दगावल्या होत्या. आमच्या अहवालात एक वाक्य होतं, की त्यातल्या पाच जणी हिरव्या यादीत होत्या आणि असे मृत्यू आधी ओळखता येणं कोणत्याही पद्धतीला शक्य नसतं. ते वाक्य मी वाचून पास केलं होतं. त्या पाच जणींची पानं उघडली. चौघींच्या नावापुढे १०.८ होतं.

मी डॉक्टर कुलथे सरांना फोन लावला. सर आमच्या संस्थेचे प्रमुख. सरकारी नोकरी सोडून या कामात पडलेले, माझ्यासारख्या चार-पाच जणांना हाताला धरून शिकवणारे. परवा शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक होती आणि आमची यादी आणखी अकरा तालुक्यांत न्यायची की नाही हे त्यात ठरणार होतं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आकडे दोनदा विचारले. मग म्हणाले, चूक आहे, दुरुस्त करू, पण शुक्रवारनंतर.

“निमसे, तू आज हे उघड केलंस तर ते चूक दुरुस्त करणार नाहीत. ते यादीच बंद करतील. सडकेवरच्या गावांतले मृत्यू निम्म्यावर आलेत, ते आपल्यामुळे आलेत. त्या बायांचं काय? मंजुरी मिळू दे. मग मी स्वतः दुरुस्तीला बसतो.”

ते लबाडी करत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला लसींची पेटी होती. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की रुमलीचं रक्त तपासलेलं नाही, नोंद चुकीची आहे. चूक कशी झाली ते सांगितलं नाही. उद्या मी तुमच्याबरोबर मोरखाईला येते, असं मात्र म्हटलं. त्यांनी माझ्या पायांतल्या सँडलकडे बघितलं आणि बूट आहेत का विचारलं.

प्रयोगशाळेतून हिमोग्लोबिन मोजायचं हातातलं मशीन आणि पट्ट्यांचा डबा मी सही करून घेतला. रक्तदाबाचं मशीन सिस्टरकडे होतं. गुरुवारी सकाळी जीपनं जिथपर्यंत रस्ता होता तिथपर्यंत गेलो आणि पुढे चालायला लागलो. एप्रिल महिना होता. मोहाची फुलं वेचून झाली होती आणि झाडाखालची जमीन झाडून-जाळून काळी पडली होती. सिस्टर पन्नाशीच्या. पुढे त्या, मागे मी, आणि दर अर्ध्या तासानं त्या माझ्यासाठी थांबायच्या.

एका थांब्याला मी त्यांना त्या चार बायांची नावं सांगून विचारलं की तुम्ही त्यांना ओळखत होतात का. दोघी त्यांच्या हद्दीतल्या होत्या. एकीबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. दुसरी, सुरकी पाडवी, तिच्याबद्दल म्हणाल्या की तिला झोळीत घालून खाली आणताना त्या सोबत होत्या, आणि आत्ता आम्ही बसलो होतो त्याच्या थोडं वर, ओढ्यापाशी ती गेली. शेवटी पाणी मागत होती. पायांवर सूज होती, ओठ पांढरे पडले होते.

“मी महिनाभर आधी सांगितलं होतं, हिला खाली न्या म्हणून,” सिस्टर म्हणाल्या. “मला सांगितलं, यादीत हिरवी आहे. मी म्हटलं, यादी करणारी माणसं शिकलेली आहेत, माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पाणी प्यायले आणि उठले.

मोरखाई म्हणजे डोंगराच्या खांद्यावर विखुरलेली पंधरा-सोळा घरं. रुमलीचं घर सगळ्यात वरचं. अंगणात तिची सासू, बोंदरीबाई, ज्वारी पाखडत होती. रुमलीचा नवरा सुरतेकडे बांधकामावर गेलेला होता. रुमली भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठायला गेली आणि पुन्हा बसली. सिस्टरनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

मी बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब फिकट होता, पट्टीवर पसरला तेव्हा गुलाबीच दिसला. मशीनवर आकडा आला, ५.९. माझा विश्वास बसेना, म्हणून दुसरं बोट घेतलं. पुन्हा ५.९. सिस्टरनी रक्तदाब घेतला. एकशे छप्पन्नवर शंभर.

“आजच खाली न्यायला पाहिजे,” सिस्टर मला म्हणाल्या आणि मग सासूशी पावरीत बोलल्या. मला भाषा येत नव्हती, पण बोंदरीबाईचं उत्तर कळायला भाषेची गरज नव्हती. ती सूप खाली न ठेवता बोलत होती आणि मान हलवत होती.

मी विचारलं, काय म्हणतात?

“म्हणते, पाठवणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी रुमलीला ती स्वतः खाली घेऊन गेली होती. माहेरघरात. चार तास चालून. तिथून परत पाठवलं. यादीत नाव नाही म्हणाले.”

मला हे माहीत नव्हतं. कुणी परत पाठवलं, मी विचारलं. सिस्टरनी तो प्रश्न पावरीत विचारला नाही. त्यांना उत्तर आधीच कळलेलं होतं. तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली रुमली माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, अगदी हळू आवाजात.

“काय म्हणाली?”

सिस्टर पट्ट्यांचा डबा बंद करत राहिल्या.

“सिस्टर, काय म्हणाली ती?”

“म्हणते, या बाईंना मी ओळखते. माहेरघराचा माणूस विचारायला गेला तेव्हा संगणकात बघून यांनीच सांगितलं.”

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. दिवसातून आठ-दहा वेळा माहेरघराचा माणूस दारात येऊन एखादं नाव विचारायचा, मी बघून हो किंवा नाही म्हणायची. बाया बाहेर व्हरांड्यात बसलेल्या असायच्या. मान वर करून बघितलं तर दिसायच्या. मी बघत नव्हते. रुमलीनं मला बघितलं होतं. मला ती आठवली नाही, आजतागायत आठवलेली नाही.

मी जमिनीवर बसले. बोंदरीबाईच्या समोर, सुपाच्या अलीकडे. सिस्टरना म्हटलं, मी सांगते ते यांना सांगा, जसंच्या तसं. आणि मग सगळं सांगितलं. की संगणकात रुमलीच्या रक्ताची जागा रिकामी होती. ती मी भरली. दुसऱ्या बायांचं रक्त बघून भरली. त्यामुळे संगणकाला ती बरी वाटली. हे फक्त रुमलीचं झालेलं नाही, सहाशे बारा बायांचं झालं आहे, आणि गेल्या वर्षी अशाच चौघी मेल्या. हे करणारी मीच, दुसरं कुणी नाही.

सिस्टर एकेक वाक्य सांगत गेल्या. सहाशे बारावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. चौघींचं सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. पण सांगितलं सगळं.

बोंदरीबाईनं सूप खाली ठेवलं. मग तिनं एक गोष्ट विचारली.

“विचारते, माहीत नव्हतं तर रिकामं का नाही ठेवलं,” सिस्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, रिकामं ठेवलं की संगणक चालत नव्हता. हे पावरीत कसं सांगितलं गेलं कोण जाणे. बोंदरीबाईनं पुढचा प्रश्न विचारला, तो मला शब्दांशिवायही कळला. आज खाली आलो तर पुन्हा परत पाठवाल का?

“नाही,” मी म्हटलं. “खाट नसेल तर माझ्या खोलीत ठेवीन. पण परत पाठवणार नाही.”

ती उठली, घरात गेली आणि एक गोधडी घेऊन बाहेर आली. शेजारच्या घरांतले चार पुरुष आले. बांबूला गोधडीची झोळी बांधली. उतारावर मी एकदा मागे वळून बघितलं तर बोंदरीबाई झोळीच्या बाजूनं चालत होती, एक हात झोळीवर.

ओढा ओलांडल्यावर सिस्टर माझ्याबरोबरीनं चालायला लागल्या.

“काल का नाही सांगितलं मला?”

“लाज वाटली.”

“वाटू दे,” त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर पुन्हा बोलल्या. “मॅडम, माझी रीत अशी आहे. ज्या बाईचं मला काही माहीत नाही, तिच्याकडे मी आधी जाते. जिचं माहीत आहे ती उद्या चालेल.”

मी तिथेच थांबले. पुण्यात पाच जणांना दोन वर्षांत जे सुचलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्यांना वाटलं माझा पाय मुरगळला.

दिवस मावळायच्या आत खाली पोचलो. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रुमलीला बघितलं, रक्तदाबाचं औषध सुरू केलं आणि सांगितलं की हिला रक्त चढवावं लागेल, ते जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळेल, सकाळी रुग्णवाहिका काढू. त्या संध्याकाळी मी यादी छापली. सहाशे बारा नावं, वय, पाडा आणि कितवा महिना. पंधरा पानं झाली. सरांना निरोप पाठवला की मी उद्या बैठकीत बोलणार आहे आणि हे त्यांना आधी कळावं म्हणून लिहिते आहे. त्यांचा फोन आला, मी उचलला. ते एवढंच म्हणाले, की विचार करून ठरव. मी म्हटलं, ठरवलं आहे.

शुक्रवारी सकाळी त्याच रुग्णवाहिकेतून मी निघाले. रुमली आडवी, बोंदरीबाई तिच्या पायाशी आणि मी समोरच्या बाकावर मांडीवर पंधरा पानं घेऊन. तीन तासांच्या वाटेत वळणावर रुमली घसरायला लागली की मी आणि बोंदरीबाई दोन बाजूंनी तिला धरत होतो. तिला रुग्णालयात दाखल केलं, रक्ताची बाटली लागलेली डोळ्यांनी बघितली आणि मग मी बैठकीला गेले. कपडे कालचेच होते.

सरांचं सादरीकरण सुरू होतं. पडद्यावर सडकेवरच्या गावांचे आलेख होते, उतरत जाणाऱ्या रेघा. ते खरे होते. सरांचं संपलं, टाळ्या झाल्या. बैठकीच्या प्रमुख एक ज्येष्ठ अधिकारी बाई होत्या. त्यांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तेव्हा मी उभी राहिले आणि पानं त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

“या सहाशे बारा बायांचं रक्त कुणीही तपासलेलं नाही,” मी म्हटलं. “यादीत ते तपासलेलं दिसतं. काल मी त्यातली एक बाई तपासली. यादीत तिचं हिमोग्लोबिन १०.८ आहे. प्रत्यक्षात ५.९ निघालं. ती आत्ता या गावच्या रुग्णालयात आहे.”

मग चार मृत्यूंचं सांगितलं, नावांसकट. अधिकारी बाईंनी पानं चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, हे कुणी केलं?

“मी.”

“तुमच्या संस्थेनं, म्हणजे?”

“ती ओळ मी लिहिली. एकटीनं.”

सर खाली बघत होते. मला वाटलं ते आता बोलतील, मला सावरतील किंवा मला खोडतील. ते दोन्ही करणार नाहीत असं दिसल्यावर मीच पुढे बोलले. यादी बंद करू नका, असं म्हटलं. ती उलटी करा. जिथे नोंद नाही तिथे सरासरी भरायची नाही. जिच्याबद्दल काही माहीत नाही ती बाई सगळ्यात वर. घरापासून दवाखाना किती तास चालत आहे हेही यादीत घ्या. आणि या सहाशे बारा जणींना आधी तपासा, त्याशिवाय अकरा तालुक्यांचा विचारही करू नका. ही कल्पना माझी नाही, वसावे सिस्टरांची आहे, असंही सांगितलं.

मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही. अधिकारी बाईंनी दोन महिने दिले आणि तीस मशीनं मंजूर केली. बाहेर आल्यावर सर जिन्यात भेटले. ते रागावले होते, पण म्हणाले ते वेगळंच. असे मृत्यू आधी ओळखता येत नाहीत हे अहवालातलं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पुढे महिनाभर आमचं कामापुरतंच बोलणं होतं. नंतर सुधारलेला अहवाल आला तेव्हा माझ्या चुकीचं वर्णन पहिल्याच पानावर होतं, आणि त्याखाली त्या वाक्याचंही, त्यांच्या नावानिशी.

रुमलीला तीन बाटल्या रक्त लागलं. तपासणीत तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार असल्याचंही कळलं, जे कुठल्याच सरासरीतून कळलं नसतं. सतराव्या दिवशी मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. दोघी जगल्या.

नवी यादी बाहेर पडली तेव्हा वरची पहिली दीडशे नावं डोंगरातली होती. सिस्टरनी उभ्या उभ्या ती वाचली आणि म्हणाल्या की एवढ्या पाड्यांना मी एकटी पुरायची नाही, आणखी दोन जणी द्या. त्याही मिळवल्या. आठ आठवड्यांत पाचशे एकाहत्तर बाया तपासून झाल्या. एकोणनव्वद जणींचं रक्त सातच्या खाली होतं. माहेरघरात आठाच्या वीस खाटा झाल्या, त्याही पुरल्या नाहीत. त्या वर्षी डोंगरातून एक मृत्यू झाला. त्या बाईचं नाव लाल यादीत होतं, आम्ही पोचलोही होतो, तरी झाला.

राहिलेल्या एकेचाळीस जणी मात्र पाड्यांवर सापडेनात. नवऱ्यांबरोबर कामाला सुरतेकडे गेलेल्या होत्या. दोन महिन्यांची मुदत संपायला पाच दिवस होते. पाचशे एकाहत्तर म्हणजे पुष्कळ झालं, असं सगळ्यांचंच मत पडलं. माझंही थोडं पडलं होतं, आज सांगते. सिस्टरनी बोंदरीबाईकडून मुलाच्या ठेकेदाराचा नंबर आणला, त्याच्याकडून आणखी दोघा-तिघांचे आणले आणि मला विचारलं, तुमची रजा शिल्लक आहे का?

सुरतेच्या बाहेर एका अर्धवट उभ्या इमारतीखाली आम्हाला पहिली बाई सापडली. गिंबी वळवी, वरच्या सावरीची, सातवा महिना. डोक्यावर विटा होत्या. सिस्टरनी पावरीत हाक मारली तशी ती दचकून थांबली. कोण आहात, कुठून आलात, इथे कशा, असं सगळं विचारून झालं. सिस्टर सांगत राहिल्या. शेवटी गिंबीनं विचारलं, आणि हे सिस्टरनी मला तिथल्या तिथे सांगितलं, की माझ्या एकटीसाठी एवढ्या लांब आलात?

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “विटा ठेव.”

गिंबीनं विटा खाली ठेवल्या. पिंपातल्या पाण्यानं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि माझ्यापुढे बोट धरलं.